टिळकांचा शब्द, वणीचं मैदान

वणी तालुक्यातलं एखादं दत्तक गाव. जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्या, पन्नासेक पोरंपोरी, पाठीमागे चुलीवर चढलेला वरणाचा गंज. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे ‘रासेयो’च्या शिबिराची पहिली संध्याकाळ बहुतेक अशीच असते. वर्गात पहिला येणारा मुलगा फळ्यावर कामांच्या वाटणीचा सुबक तक्ता काढतो. गट, गटप्रमुख, वेळ, सगळं चौकटीत. अर्ध्या तासात तक्ता कोलमडतो, कारण पोळ्यांच्या गटातल्या तिघींना चूल पेटवता येत नाही आणि सरपण ओलं निघतं. मग तक्त्यात कुठेतरी खाली नाव असलेली एखादी मुलगी ओढणी कमरेला खोचते, शेजारच्या काकूंना हाक मारते, दोघा पोट्ट्यांना कोरड्या पऱ्हाट्या आणायला पिटाळते आणि तासाभरात पंगत बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी फावडी कुठे ठेवायची हेही पोरं तिलाच विचारतात. तिला कोणी निवडून दिलेलं नसतं.

महाराष्ट्राच्या कायद्याच्या लेखी मात्र वीसहून अधिक वर्षं नेता ठरत होता तो फळ्यावर तक्ता काढणारा.

कॉलेजच्या निवडणुकांत मारामाऱ्या, पैसा आणि पक्षांची घुसखोरी वाढल्यावर १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट मतदान बंद केलं. विद्यार्थी परिषदेवर प्रत्येक वर्गातला आदल्या परीक्षेचा गुणवंत नेमायचा. त्याच्या जोडीला खेळ, एनसीसी, रासेयो आणि सांस्कृतिक विभागाचा एकेक विद्यार्थी आणि दोन विद्यार्थिनी. या सगळ्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. मारामारी थांबवायचा हेतू रास्तच होता. पण ज्याला शेजाऱ्यापेक्षा दोन गुण जास्त पडले, तो शेजाऱ्याचं गाऱ्हाणं प्राचार्यांकडे नेईल, हा तर्क कोणी कसा मांडला असेल, याचं आजही नवल वाटतं. बहुतेक गुणवंतांना ते पद नकोच असायचं, अभ्यास बुडतो. आणि भांडणं तरी कुठे संपली? मतदार मूठभर राहिले की त्यांना ‘सहली’ला नेणं सोपं पडतं. विद्यापीठ प्रतिनिधींच्या पळवापळवीच्या बातम्या त्या काळच्या पेपरवाचकांच्या लक्षात असतील.

पुढे विद्यार्थी निवडणुकांबाबतच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपर्यंत, हजेरी ७५ टक्के, छापील पोस्टरांना मनाई. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१७ च्या मार्चपासून लागू झाला आणि अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि आळीपाळीने एक मागासवर्गीय प्रतिनिधी अशी पदं थेट मतदानाने भरण्याची तरतूद कागदावर परत आली. २०१९ मध्ये निवडणुकांची तयारी झाली, विधानसभेच्या धामधुमीत त्या पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविड आला. वर्गात पहिला येण्याची स्पर्धा किंवा मतांची स्पर्धा, या दोहोंपलीकडचा तिसरा रस्ता या सगळ्या चर्चेत फारसा कोणाला सुचला नाही.

तो रस्ता वणीला खरं तर परका नाही. इथल्या कॉलेजचं नाव लोकमान्य टिळक महाविद्यालय. प्राचार्य राम शेवाळकरांमुळे ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. त्या टिळकांनी १९१९ च्या डिसेंबरात, अमृतसर काँग्रेसच्या वेळी, एक शब्द रूढ केला: ‘प्रतियोगी सहकारिता’. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचं काय करायचं, हा तेव्हाचा वाद होता. टिळकांचं म्हणणं असं, की सरकार जितकं सहकार्य देईल तितकं आपणही द्यावं आणि जिथे ते अडवेल तिथे आपणही अडवावं. इथे ‘प्रतियोगी’ म्हणजे प्रतिसाद देणारी. आज वणीतल्या अभ्यासिकेत ‘प्रतियोगिता दर्पण’ चाळणाऱ्या पोराला त्याच शब्दात थेट स्पर्धा ऐकू येते. ‘स्पर्धेतलं सहकार्य’ असा अर्थ त्याने लावला तर भाषेचा शिक्षक लाल शाई मारील. मारू दे. हा चुकीचा अर्थ फार उपयोगाचा आहे.

टिळकांच्या या धोरणाचा झेंडा पुढे वऱ्हाडात ज्यांनी धरला, त्यांतलं ठळक नाव माधव श्रीहरी अणे यांचं. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. १९२६ मध्ये अकोल्यात प्रतिसहकार पक्ष उभा राहिला तेव्हा केळकर, जयकर, मुंजे यांच्या बरोबरीने ते त्यात होते, म्हणजे गांधीजींच्या असहकाराच्या उलट बाजूला. पण १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाल्यावर हेच बापूजी १० जुलैला पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून तुरुंगात गेले. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्यावरून मदनमोहन मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढून ते काँग्रेसविरुद्ध निवडणुकीत उतरले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा देऊन बाहेर पडले. आजच्या राजकारणाच्या चष्म्यातून ही कोलांट्याउड्यांची यादी वाटेल. तेव्हाच्या लोकांना ती तशी वाटली नसावी, नाहीतर ‘लोकनायक’ ही उपाधी चिकटून राहिली नसती. मतांची कुस्ती आखाड्यात करायची आणि काम पडलं की त्याच माणसाशेजारी उभं राहायचं, हे त्या पिढीच्या अंगवळणी होतं.

मुलांमध्ये हे कसं घडतं, याचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९५४ च्या उन्हाळ्यात झाला, तोही शिबिरातच. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. आधी त्यांना वेगवेगळं ठेवलं, मग बक्षिसं लावून चुरशीचे खेळ ठेवले. काही दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. त्यांना एकत्र जेवायला आणि सिनेमाला बसवलं, तरी उपयोग शून्य. जेवताना त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग छावणीचं पाणी बंद पडलं. अर्थात पाडलं. टाकीपासूनची लाइन शोधायला दोन्ही गट निघाले. पुढे जेवण आणणारा ट्रक ‘बंद पडला’, तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचा दोर त्याला बांधला आणि दोन्ही गटांनी मिळून तो ओढला. थोडे दिवस आधी त्याच दोराची दोन टोकं धरून ते एकमेकांना फरफटवत होते. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली. भांडणं पेटावीत म्हणून मोठी माणसं मागून फुंकर घालत होती, हा त्यातला मुख्य आक्षेप. आणि १९५३ मधला आधीचा असाच प्रयोग फसला होता, कारण ती पोरं भांडायलाच तयार झाली नाहीत. प्रयोग फसल्याची ही बातमी मूळ प्रयोगापेक्षा जास्त दिलासा देते.

शेरीफने कृत्रिमपणे बंद पाडलेलं पाणी विदर्भात आपसूक बंद पडतं. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू केलेल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेची खुबी याच ठिकाणी होती. गावागावांत चुरस, पण जिंकायचं असेल तर गावाने आतली भांडणं बाजूला ठेवून एकाच चरावर टिकाव मारायचा. २०१७ मध्ये पहिलं बक्षीस, पन्नास लाख रुपये, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याला मिळालं. हे कोलाम आदिवासींचं छोटं गाव. वणी, मारेगाव, झरी जामणीच्या पट्ट्यातही कोलामांचे पोड आहेत, त्यामुळे ही बातमी इकडे जरा वेगळ्या कानांनी ऐकली गेली असणार. ४५ दिवसांच्या उन्हात समतल चर खोदताना पुढारपण कोणाकडे जातं? ज्याला पाण्याच्या उताराचं माप कळतं आणि रुसलेल्या शेजाऱ्याला पहाटे उठवून जो माळावर आणतो, त्याच्याकडे. पहिली गोष्ट प्रशिक्षणात शिकवता येते. दुसरीचा अभ्यासक्रम अजून छापलेला नाही.

रासेयो तशी जुनी. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतल्या चाळीस हजार विद्यार्थ्यांपासून ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, हा तिचा नेम. त्यात निव्वळ वाढीव गुणांसाठी येणारी पोरं असतात, फोटोपुरतं घमेलं उचलणारे पाहुणेही असतात. तरी सात दिवस एकाच संडासाबाहेर रांग लावल्यावर कोण सोसणारं आणि कोण कुरकुरणारं, हे लपत नाही. आपल्याकडे नेतृत्व म्हणजे वक्तृत्व असा एक जुना समज आहे. वक्तृत्व स्पर्धेचं पदक घेऊन घरी जाणाऱ्या पोराने स्टेजवरच्या खुर्च्या कोणी लावल्या, हे सहसा पाहिलेलं नसतं.

पण वणीच्या आजच्या तरुणांना कोणी ‘स्पर्धा वाईट’ असं सांगितलं, तर ते हसतील. पऱ्हाटीला भाव नाही, कोळसा खाणीत सगळ्यांना नोकरी नाही, मग उरते भरती. पहाटे साडेचारला मैदानावर अंधारात जो धपधप आवाज येतो तो त्यांचाच. पोलीस शिपायाच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. सेकंदाला गुण आहेत आणि जागा मोजक्या. शेजारी पळणारा आपली जागा घेऊ शकतो, हे प्रत्येकाला पाठ आहे.

तरीही एकटा पळून कोणाचा वेळ सुधारत नाही. एकजण पुढे राहून वेग धरून देतो, दुसरा त्याच्या खांद्यामागे चिकटतो, तिसऱ्या फेरीला जागा बदलतात. गोळा एकच असतो, वर्गणी काढून आणलेला. दोन भरत्यांत थोडक्यात हुकलेला एखादा दादा चुन्याच्या रेषेवर उभा राहून मोबाइलमध्ये सगळ्यांची वेळ लावतो, कोणाचा पाय आत पडतो ते सांगतो, नव्याला चारशे मीटरमध्येच दम का लागला हे समजावतो. मग मोबाइल त्याच नव्या पोराच्या हातात देतो, बुटाची नाडी आवळतो आणि म्हणतो, ‘‘आता माझा घे बे, अन् सेकंद नीट पाहजो.’’