संशोधन आणि संमति

आमच्या सांगवीहून पवनेच्या वरच्या अंगास थोडें गेलें म्हणजे पिंपळे सौदागर लागतें. आज तेथें उंच इमारतींची दाटी आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीं तें शेतकऱ्यांचें एक लहानसें खेडें होतें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यांसह या गांवाची घरोघर जाऊन पाहणी केली आणि १९१७ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. १७७१ सालीं तेथें एका खातेदाराकडे सरासरीनें चाळीस एकर जमीन होती. १९१४-१५ पर्यंत ती सात एकरांवर आली, असें त्यांना आढळलें. १०३ कुटुंबांपैकीं केवळ शेतीवर ज्यांचा संसार नीट चालत होता अशीं कुटुंबें अवघीं आठ होतीं. शेतकऱ्याचें दारिद्र्य आळसामुळें आहे असें म्हणणाऱ्यांना या आंकड्यांनीं परस्पर उत्तर दिलें.

पण हे आंकडे आले कोठून? कोणा शेतकऱ्यानें ओटीवर बसून एका परक्या माणसाला आपली जमीन, आपलें उत्पन्न आणि आपलें कर्ज सांगितलें म्हणून आले. कर्जाची गोष्ट मनुष्य सोयऱ्याधायऱ्यांपासूनहि लपवितो. सर्व ज्ञानाच्या मुळाशीं असें कोणाचें तरी देणें असतें. आणि जें दुसऱ्याचें आहे तें त्यास विचारल्यावांचून घेऊं नये, हें लहान मुलासहि ठाऊक आहे. संशोधनास आधीं अनुमति घ्यावी असा आज जो नियम आहे, त्याचें बीज एवढेंच आहे.

हा नियम जगास सहज सुचला नाहीं. १८९७ च्या जानेवारींत मुंबईस डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार केली, तेव्हां त्यांनीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. ही गोष्ट थोर खरी. तथापि त्यानंतर लस दिली गेली ती भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांस. ते आपण होऊन पुढें आले असें म्हणतात. परंतु ज्याच्या दारास कुलूप आहे, तो मोकळ्या मनानें ‘नको’ म्हणूं शकतो काय, हा प्रश्न आज आम्हांस पडतो. अमेरिकेंत टस्कगी येथें १९३२ पासून चाळीस वर्षें उपदंशानें आजारी असलेल्या शेंकडों गरीब काळ्या पुरुषांना, पेनिसिलिनचा उपाय ठाऊक झाल्यावरहि, तो न देतां रोग कसा वाढतो एवढेंच पाहण्यांत आलें. त्यांना खरें काय तें सांगितलें नव्हतें. जर्मनींत नाझी डॉक्टरांनीं छळछावण्यांत केलेले अत्याचार उघडकीस आल्यावर १९४७ सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायालयानें पहिलें तत्त्व घालून दिलें, तें हेंच कीं, मनुष्याच्या स्वेच्छेच्या संमतीवांचून त्याजवर प्रयोग करूं नये. पुढें १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आला, आणि आपल्या देशांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९८०, २०००, २००६ व २०१७ सालीं यासंबंधीं निवेदन व मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं.

आतां ही अनुमति मिळते कशी, तें पाहूं. आरोग्यविषयक संशोधनाचा बेत प्रथम नीतिसमितीपुढें जातो. या समितींत केवळ डॉक्टर नसतात. कायदा जाणणारा एक, समाजशास्त्राचा किंवा नीतिशास्त्राचा अभ्यासक एक, आणि शास्त्राशीं संबंध नसलेला एक साधा नागरिकहि असावा लागतो. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, कारण आपल्याच घरचा न्याय आपणच करूं नये. अभ्यासापासून लाभ कोणाचा व धोका कोणाचा, अपाय झाल्यास भरपाई कोण देणार, माहिती गुप्त कशी राहणार, हें सर्व ही समिति विचारते. नव्या औषधाची चांचणी असल्यास ती सार्वजनिक नोंदवहींत आधीं नोंदविणें २००९ पासून सक्तीचें आहे. त्यामुळें निकाल प्रतिकूल आला म्हणून सारा अभ्यासच गुपचूप दडवून टाकणें अवघड होतें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतींत पालकांची संमति तर लागतेच, परंतु सात वर्षांवरील मुलास स्वतःसहि विचारावें लागतें. आणि बारा वर्षांपुढें त्याची मान्यता लेखी घ्यावी असा दंडक आहे. हा दंडक केवळ कागदावर राहिला म्हणजे काय होतें, तें २००९-१० सालीं दिसून आलें. त्या वेळच्या आंध्र प्रदेशांतील खम्मम जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील लस अभ्यासाच्या निमित्तानें देण्यांत आली, तेव्हां वसतिगृहांतील पुष्कळ मुलींच्या कागदांवर आईबापांऐवजीं वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनीं सह्या केल्या होत्या. कांहीं मुलींच्या मृत्यूनंतर सरकारनें तें काम थांबविलें. मृत्यूंस लस कारण झाल्याचें चौकशींत दिसलें नाहीं. पण संमतीचे दोष मात्र स्पष्ट दिसले. लस चांगली असली तरी देण्याची रीत वाईट असूं शकते, आणि वाईट रीतीनें चांगल्या वस्तूवरचाहि विश्वास उडतो.

जो बोलूं शकत नाहीं त्याची संमति कोणी द्यावी? वन्य पशूंच्या बाबतींत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हें काम सरकारकडे दिलें आहे. बिबट्यास पकडून त्याच्या गळ्यांत पट्टा बांधावयाचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते आणि केंद्र सरकारचीहि लागते. अशा अनुमतीनें जुन्नर-अकोल्याकडे झालेल्या अभ्यासांनीं मोठें काम केलें. २००१ च्या सुमारास जुन्नर भागांत उसांतले बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्याचा सपाटा चालला होता. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नोंदी तपासल्या, तेव्हां दिसलें तें उलटच : माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी चार होते ते चौपटीहून अधिक वाढले, आणि तेहि बिबटे सोडले त्या जागांच्या आसपास. २००९ सालीं विहिरींतून वांचविलेला ‘आजोबा’ नांवाचा बिबट्या माळशेजला सोडल्यावर शंभर किलोमीटरांहून अधिक चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, हें त्याच्या गळ्यांतील पट्ट्यानेंच कळलें. शेतकरी आणि बिबट्या या दोघांचेहि जीव अशा ज्ञानावर अवलंबून आहेत.

हीच रीत दूरदेशींहि आहे. आफ्रिकेंतील टांझानिया देशांत बाहेरच्या संशोधकास प्रथम विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचा परवाना घ्यावा लागतो. आरोग्याचा विषय असल्यास राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था तपासते, आणि वन्य पशूंचा असल्यास वन्यजीव संशोधन संस्था. श्रीमंत देशांतून येऊन गरीब देशांतील रक्ताचे नमुने व माहिती घेऊन जावें आणि मागें कांहींच ठेवूं नये, असें पूर्वीं पुष्कळ झालें. परवान्याचा उंबरठा त्यासाठींच आहे.

मग विचारावयास आलेल्या माणसास आपण दारांतूनच परत पाठवावें काय? मुळींच नव्हे. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचें काम पुष्कळ वर्षांपासून चाललें आहे. २००२ पासून आसपासच्या बावीस गांवांतील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर नोंद सुरू झाली. गांवकऱ्यांनीं दार उघडलें नसतें तर हें झालें नसतें.

यास्तव पालकांस आमची इतकीच विनंति आहे. कोणी प्रश्नावली अगर सुई घेऊन आला तर त्यास आदरानें बसवावें आणि चार गोष्टी विचाराव्या : तुमचा हेतु काय? कोणत्या समितीनें तुम्हांस अनुमति दिली? आमचें नांव गुप्त राहील काय? मध्येंच नको वाटलें तर थांबतां येईल काय? समाधान झालें तर मोकळेपणानें उत्तर द्यावें. न झालें तर नम्रपणें नकार द्यावा. अशा नकारामुळें दवाखान्यांतील उपचार अगर शाळेंतील जागा कोणीहि हिरावून घेऊं शकत नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां वही घेऊन एखाद्या खेड्याच्या ओटीवर जाऊन बसेल. त्या वेळीं समोरचा मनुष्य तुम्हांस आपल्या आयुष्याचा एक तुकडा देत आहे हें विसरूं नका. आणि काम झाल्यावर त्यांतून काय निष्पन्न झालें तें त्याच ओटीवर परत जाऊन त्यास सांगा.