चाकाची आगबोट आणि आपले बंदर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

उरणच्या द्रोणागिरी डोंगरावर थोडे चढून गेले की मुंबईचे सारे बंदर नजरेच्या टप्प्यात येते. उत्तरेला घारापुरी, पश्चिमेला मुंबईची किनारपट्टी, दक्षिणेला करंजा आणि खाडीपलीकडे रेवस. दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी वारा पडलेला असला, की हे पाणी समुद्राचे वाटतच नाही. मोठा तलाव पसरला आहे असे वाटते. पण हा तलाव नव्हे. आज मी ज्या वाहनाविषयी बोलणार आहे, त्याचे यशापयश या एका फरकावर ठरले. ते वाहन म्हणजे चाकाची आगबोट.

जुन्या चित्रांतून ही बोट आपण सर्वांनी पाहिलेली असते. मध्यभागी धूर ओकणारे उंच धुराडे आणि दोन्ही कुशींना एकेक प्रचंड चाक. चाकाला फळ्या बसवलेल्या. वाफेच्या इंजिनाने चाक फिरले की खालच्या फळ्या पाणी मागे लोटतात आणि बोट पुढे सरकते. पाणचक्कीत पाणी चाकाला फिरवते, इथे चाक पाण्याला ढकलते. अलिबागकडच्या वाड्यांतून रहाट पाहिलेल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पहिल्या कारागिरांनाही ती सोपी वाटली, ती याच कारणाने. त्या काळची वाफेची इंजिने संथ गतीने फिरत आणि मोठे चाक फिरवायला संथ गतीच लागते. शिवाय चाक पाण्याच्या वर दिसत असल्याने त्याची फळी मोडली तर बोट कोरड्यावर न चढवता बदलता येई.

१८०७ साली अमेरिकेत रॉबर्ट फुल्टनने हडसन नदीवर अशी बोट चालवली. न्यूयॉर्क ते ऑल्बनी हे सुमारे २४० किलोमीटरचे अंतर तिने ३२ तासांत कापले. दहा वर्षांच्या आतच उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर आगबोटी दिसू लागल्या आणि १८२३ साली स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरावर ‘गियोम तेल’ नावाची चाकाची बोट उतारू घेऊन फिरू लागली. त्याच १८२३ साली कलकत्त्याला ‘डायना’ ही छोटी आगबोट हुगळीच्या पाण्यात उतरली.

मुंबईही मागे नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील नौरोजी जमशेटजी यांच्या देखरेखीखाली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची चाकाची आगबोट बांधली गेली आणि १८२९ च्या ऑक्टोबरात तिचे जलावतरण झाले. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुवेझला निघाली. विलायतेची टपाल केप ऑफ गुड होपला वळसा न घालता तांबड्या समुद्रातून नेता येईल का, हे पाहायचे होते. बंदराबाहेर पडताना करंजा-द्रोणागिरीचे डोंगर तिच्या डाव्या हाताला राहिले असतील. त्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी शिडाविना, धूर सोडत जाणारे हे गलबत पाहिले असेल, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

या सफरीची गंमत अशी, की बोटीत कोळसा ठेवायला जागा होती जेमतेम पाच-सहा दिवसांची आणि एडन गाठायला लागणार होते त्याच्या दुप्पट दिवस. म्हणून डेकवर आणि खोल्यांतूनही कोळसा रचला. बोट इतकी खोल बसली, की चाकेही पाण्यात गरजेपेक्षा जास्त बुडाली. अकरा दिवसांनी ती एडनला पोहोचली, तेव्हा काही तास पुरेल इतकाच कोळसा उरला होता. सुवेझ गाठायला सारे मिळून महिन्याहून थोडे अधिक दिवस लागले.

चाकाच्या आगबोटीचे मूळ दुखणे याच सफरीत दिसून आले. चाक पाण्यात ठरावीक खोलीवर असले तरच नीट काम करते. बोट जड झाली की ते जास्त बुडते आणि इंजिनाची ताकद पाणी उपसण्यातच जाते. कोळसा संपत आला की बोट वर येते आणि फळ्या वरवरचे पाणी उडवत राहतात. त्यात लाटांनी बोट एका कुशीवर कलली, की एक चाक पूर्ण बुडते आणि दुसरे हवेत फिरते. अशा वेळी बोट सरळ रेषेत ठेवणे सुकाण्यावरच्या माणसाला कठीण जाई आणि इंजिनाला बसणारे हिसके वेगळेच.

यावर उपाय निघाला तो मागच्या पंख्याचा. हा पंखा बोटीच्या शेपटाशी, पाण्याखाली फिरतो. १८४५ साली ब्रिटिश आरमाराने एक मजेदार परीक्षा घेतली. पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ अशा दोन बोटी पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधल्या आणि दोघींनी विरुद्ध दिशांना जोर लावला. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला मागे ओढत नेले. महासागरावरून चाकाची बोट पुढे हळूहळू हटली.

पण ती संपली नाही. जिथे पाणी उथळ होते, तिथे तिचे राज्य चालू राहिले. पंख्याला बुडण्याइतके खोल पाणी लागते. चाकाच्या बोटीला पसरट तळ आणि थोडे पाणी पुरते. १८३४ पासून गंगेवर लोखंडी आगबोटी चालू लागल्या. ब्रह्मदेशातील इरावतीवरही चाकाच्या आगबोटींचा मोठा ताफा होता. आपल्या रत्नागिरीत ज्याने आयुष्याची तीस वर्षे नजरकैदेत काढली, त्या थिबा राजाला १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेहून खाली नेले ते याच ताफ्यातल्या आगबोटीतून. बंगालमध्ये तर ढाक्याहून खुलन्याकडे जाणाऱ्या चाकाच्या बोटींना लोक ‘रॉकेट’ म्हणत. त्यांची वाफेची इंजिने पुढे काढून डिझेलची बसवली, पण चाके तीच राहिली. २०२२ साली पद्मा नदीवरचा पूल झाल्यावर त्यांची नियमित फेरी थांबली.

या बोटीचे खरे माहेर मात्र मोठी सरोवरे. तिथे भरती-ओहोटी नाही, त्यामुळे धक्का आणि डेक यांची उंची रोज जुळते. पाणी बहुधा शांत, म्हणून दोन्ही चाके सारखी बुडतात. अंतर थोडे, म्हणून कोळशाचा ढीग न्यावा लागत नाही आणि बोटीचे वजन फारसे बदलत नाही. दर काही मिनिटांनी एखाद्या गावाचा धक्का येतो. तिथे चाके उलटी फिरवून बोट चटकन थांबवता येते. चाकांच्या पुढे-मागे डेक बाहेर वाढवलेला असल्याने उतारूंना ऐसपैस जागा मिळते. अर्थात तलाव शांत म्हणून प्रवास निर्धोक, असे नव्हे. १८९२ साली जिनिव्हा सरोवरावर ‘माँ ब्लाँ’ बोटीवर वाफेचा स्फोट होऊन पंचवीसहून अधिक माणसे दगावली होती.

रस्ते आणि रेल्वे आली तेव्हा या बोटींचीही गरज संपलीच होती. अनेक भंगारात गेल्या. पण जिनिव्हा आणि ल्युसर्न सरोवरांच्या काठच्या लोकांनी वर्गण्या काढून काही वाचवल्या. १९१० साली बांधलेली ‘ला सुईस’ आजही वाफेवर चालते. उतारू कठड्याशी उभे राहून खाली चकाकणारे दांडे फिरताना पाहतात. तिथल्या अशा जुन्या बोटींना २०११ साली ऐतिहासिक वास्तूंसारखे संरक्षणही मिळाले.

आता पुन्हा आपल्या बंदराकडे येऊ. मुंबई बेटाने पश्चिमेकडून आणि उरण-करंजाच्या भूभागाने आग्नेयेकडून या पाण्याला आडोसा दिला आहे. म्हणून पावसाळ्यात कोकणची मोठी बोटसेवा बंद झाली, तरी रेवसची फेरी चालू राही. एकोणिसाव्या शतकात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी धरमतरपर्यंत जात आणि कुलाबा जिल्ह्यातला माणूस मुंबईला त्यांतूनच ये-जा करी. पण मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या आसपास जातो. सकाळी धक्क्याला टेकणारी बोट दुपारी चिखलापासून दूर उभी. मग मचव्यात उतरायचे, नाही तर धोतर-लुगडे आवरून चिखल तुडवायचा. हे हाल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालले.

आणि आडोसा संपतो तिथे समुद्र सुरू होतो. १७ जुलै १९४७ चा गुरुवार. भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली. उद्याची अमावास्या, म्हणून घरी जाणाऱ्यांची गर्दी. ही चाकाची जुनी बोट नव्हती. १९३६ साली विलायतेत बांधलेली, पंख्याची चांगली बोट होती. काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात ती कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. पोहून वाचलेल्यांनी सांगितले, तेव्हा काही तासांनी मुंबईला कळले. त्याआधी वीस वर्षे, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. म्हणजे धडा नवा नव्हता. बंदरातली फेरी म्हणजे घरगुती प्रवास, असे आपण मानत आलो आणि तेच नडले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकून १५ जण मरण पावले. त्या दिवशी वादळ नव्हते. तरीही अंगावर जीवरक्षक जाकीट असण्याचे मोल पुन्हा कळले.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. द्रोणागिरी नावाचे स्टेशनच त्या मार्गावर आहे. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच अजून चालते, पण गाळ साचल्याने मोठ्या ओहोटीला तिचा खोळंबा होतो. लाँचने जाणारे आता कमी होतील, मग गाळ कशाला काढायचा, असेही कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. पूल आणि रेल्वे आल्यावर स्विस लोकांनी सगळ्याच बोटी मोडीत काढल्या नाहीत. चाकाच्या आगबोटीचा इतिहास आपल्याला इतकेच सांगतो, की बोट पाण्याला साजेशी हवी. आपल्या पाण्याला चाक साजले नाही. इथे हवी ओहोटीतही टेकता येईल अशी जेट्टी, वेळेवर काढलेला गाळ, मोजून घेतलेले उतारू आणि प्रत्येकाच्या अंगावर जाकीट. एवढे झाले, तर द्रोणागिरीवरून दिसणारे हे पाणी आपल्या नातवंडांनाही ओलांडता येईल, आणि धक्क्यावर वाट पाहणाऱ्यांच्या जिवाला घोर लागणार नाही.