ठिपक्यांवरून निदान

मोबाईलवर चित्र अडखळले की आपण सहज म्हणतो, 'सिग्नल नाही.' पण पुष्कळदा सिग्नलचे बळ पुरेसे असते, बिघडलेली असते ती त्याची घडण. हा बिघाड सिग्नल अ‍ॅनालायझर या यंत्रावर दिसतो.

माहिती वाहून नेण्यासाठी रेडिओलहरीची उंची आणि फेज ठरावीक रीतीने बदलतात. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. १६-क्वाम या प्रकारात उंची व फेज यांच्या १६ जोड्या असतात. यंत्राच्या पडद्यावर त्या चार ओळींत चार ठिपके अशा चौरसात दिसतात. ठिपका जिथे असायला हवा आणि प्रत्यक्षात जिथे पडला, त्यांतील अंतर म्हणजे चूक. अनेक ठिपक्यांच्या चुकांवरून काढलेल्या टक्केवारीला ईव्हीएम म्हणतात. चौथ्या पिढीच्या मोबाईल मनोऱ्याला १६-क्वामसाठी १२.५ टक्के चालते. ६४ ठिपक्यांसाठी मात्र ८ टक्केच, कारण तिथे ठिपके दाटीने बसलेले असतात.

ही टक्केवारी तापमापकासारखी आहे. ताप किती ते कळते, कशाचा ते कळत नाही. त्यासाठी लक्षणे पाहावी लागतात.

प्रत्येक ठिपक्याभोवती गोल, धूसर ढग असेल तर तो साधा गोंगाट. ठिपके कमानीसारखे ताणले गेले, आणि तेही बाहेरचे अधिक, तर लहर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरचा फेज थरथरतो आहे. चौरसाचे कोपरे आत दबले तर अ‍ॅम्प्लिफायरला झेपेनासे झाले आहे. ठिपक्याच्या जागी कडे दिसले तर एखादी परकी लहर आत शिरली आहे. चौरसाचा आयत झाला तर सिग्नलच्या आय आणि क्यू या दोन शाखांचे बळ असमान आहे.

आणखी एक कसोटी आहे. यंत्रातला इक्वलायझर चालू करताच विस्कटलेले ठिपके जागेवर आले, तर संशय फिल्टरवर किंवा केबलवर घ्यावा.

मात्र आधी यंत्र तपासा. सिम्बॉल रेट किंवा फिल्टर चुकीचा निवडला, तर निरोगी सिग्नलही आजारी दिसतो आणि धडधाकट भाग बदलला जातो. म्हणून प्रथम स्पेक्ट्रम, मग काळानुसार होणारा बदल, आणि शेवटी ठिपके पाहावेत. जैन दर्शनात पाहण्याच्या एका बाजूला 'नय' म्हणतात. एकच नय धरून बसले की सत्य अपुरे राहते. यंत्रापुढे बसणाऱ्यालाही हे पथ्य पाळावे लागते.