बाटलीवरचा एकच शब्द

हिंजवडीच्या आयटी पार्कात जाणाऱ्या कंपनीच्या गाडीत सकाळी दार उघडताच आधी भेटतो तो वास. सहा माणसे, बंद काचा, चालू एसी आणि सहा निरनिराळे सुगंध. वाकडच्या पुलाशी वाहतूक अडली की हा सहवास तासाभराचा होतो. मग कुणाचे डोके दुखू लागते, कुणाला शिंकांवर शिंका येतात, दमा असणाऱ्याला खोकल्याची उबळ येते. एखाद्याच्या मानेला मात्र दोन दिवसांनी खाज सुटते आणि दोष जातो आदल्या रात्री खाल्लेल्या वांग्याच्या भाजीला!

सुगंधाच्या दोन भाषा आहेत. एक दुकानदाराची : ‘फ्रेश’, ‘वुडी’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. दुसरी रसायनशास्त्राची : लिमोनिन, लिनालूल, जिरॅनिऑल. आपण पहिली ऐकून बाटली विकत घेतो, पण आपल्या त्वचेला कळते ती दुसरी. म्हणून तिची तोंडओळख करून घ्यायला हवी.

आधी लिंबू, मग गुलाब, शेवटी चंदन

परफ्यूम म्हणजे बहुतांशी अल्कोहोलमध्ये विरघळवलेली सुगंधी द्रव्ये. ‘ओ द परफ्यूम’मध्ये ती साधारण १५ ते २० टक्के असतात, ‘ओ द टॉयलेट’मध्ये ५ ते १५ आणि ‘ओ द कोलोन’मध्ये त्याहून कमी. हे आकडे कंपनीगणिक थोडेफार बदलतात. पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसते. तिथे फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदन महागल्यावर स्वस्त अत्तरांत त्याची जागा इतर तेलकट द्रावकांनी घेतली.

‘टॉप’, ‘हार्ट’ आणि ‘बेस’ नोट हे शब्द संगीतातून आले असले, तरी त्यामागे आहे बाष्पीभवनाचा साधा हिशेब. संत्र्या-लिंबाच्या सालीतले लिमोनिन हलके असते; ते पंधरा-वीस मिनिटांत बरेचसे उडून जाते. ही टॉप नोट. गुलाब, मोगरा यांसारख्या फुलांचा वास काही तास रेंगाळतो, ती हार्ट नोट. चंदनातले सँटॅलॉल, व्हॅनिला आणि कस्तुरीसारखी द्रव्ये जड असतात; ती संध्याकाळपर्यंत कपड्यांना धरून बसतात, ती बेस नोट. म्हणूनच दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच बाटली घेणे म्हणजे पहिला अंक पाहून नाटकाचे परीक्षण लिहिणे. मनगटावर लावून दोन-तीन तास थांबावे.

खानदेशातला ‘गुलाब’

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज किती फसवा आहे, हे आपल्या खानदेशातल्या रोशा गवतावरून कळते. डोंगरउतारांवर वाढणाऱ्या या गवताच्या तेलाला गुलाबासारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात तिथे हे गवत उकळून तेल काढणाऱ्या भट्ट्या लागत. तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे महागड्या गुलाब-अत्तरात मिसळले जाई. ही भेसळ खपून जाई, कारण रोशाच्या तेलाचा मोठा भाग जिरॅनिऑल असतो आणि गुलाबाच्या तेलातही तेच जिरॅनिऑल असते. कारखान्यात तयार केलेले जिरॅनिऑलही त्याच रचनेचे. रेणू एकच असेल, तर तो गवतातून आला, फुलातून आला की टाकीतून, हे त्वचेला समजत नाही.

सुगंधाची ॲलर्जी तपासताना त्वचारोगतज्ज्ञ आठ द्रव्यांचे एक ठरावीक मिश्रण वापरतात. त्यात हेच जिरॅनिऑल आहे. लवंगेतले युजेनॉल आणि दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइडही आहे. म्हणजे यादीतले निम्मे पाहुणे आपल्या मसाल्याच्या डब्याच्या ओळखीचे! उलट, व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन १८७४ पासून प्रयोगशाळेत तयार होते आणि ते बहुतेकांना सोसते. खरा प्रश्न ‘नैसर्गिक की केमिकल’ हा नाही. कोणता रेणू, किती प्रमाणात आणि किती जुना, हा आहे.

‘जुना’ हेही महत्त्वाचे. लिमोनिन आणि लिनालूल ताजे असताना सहसा त्रास देत नाहीत. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांची जी संयुगे बनतात, ती ॲलर्जी घडवतात. त्यामुळे अर्धी संपलेली, वर्षानुवर्षे खिडकीत किंवा उन्हात तापणाऱ्या गाडीत राहिलेली बाटली टाकून दिलेली बरी.

यादी लांब असेल तर?

आपल्याकडच्या साबण, क्रीम, शाम्पूवरची घटकांची यादी पाहा. शेवटाकडे बहुधा ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ हा एकच शब्द दिसेल. त्याच्या पोटात पन्नासेक द्रव्ये असू शकतात. युरोपीय संघाने २००३ मध्ये २६ ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्ये नावानिशी छापण्याचा नियम केला. २०२३ मध्ये ही यादी ऐंशीच्या वर नेली. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याहून अधिक प्रमाण असले, तरी नाव द्यावे लागते. तेव्हा आयात केलेल्या बाटलीवर नावांची लांबलचक रांग दिसली तर दचकू नका. लपवलेल्या घटकापेक्षा छापलेला घटक केव्हाही बरा. तो टाळता तरी येतो.

‘अनसेंटेड’ या शब्दालाही फसू नका. मूळ वास झाकण्यासाठी त्यात सुगंध घातलेला असू शकतो. संवेदनशील त्वचेसाठी ‘फ्रेग्रन्स-फ्री’ शोधावे आणि तरीही घटकांची यादी वाचावी.

काय करावे?

मान, काखा, मनगट किंवा कानामागे वारंवार खाज आणि लाल चट्टे येत असतील तर पॅच टेस्टबद्दल त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. ॲलर्जी ठरली तर ती सहसा आयुष्यभर राहते, पण नेमके द्रव्य कळले की टाळणे सोपे होते. दमा आणि डोकेदुखीची गोष्ट वेगळी. तिथे तीव्र वास श्वासनलिकेला किंवा मज्जातंतूंना डिवचतो; पॅच टेस्टमधून त्याचा उलगडा होत नाही. मात्रा कमी करणे आणि हवा खेळती ठेवणे हाच उपाय.

सुगंध लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की नाकाला वासाची सवय पटकन होते. काही मिनिटांत स्वतःचा परफ्यूम स्वतःला येईनासा होतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. शेजारी बसलेल्याला मात्र तो पुरेपूर येत असतो. बंद गाडीत आणि एसी कार्यालयात जायचे असेल, तर एक-दोन फवारे पुरेत. तेही शक्यतो कपड्यांवर, आणि गाडीत बसल्यावर नव्हे, घरातून निघण्यापूर्वी.