ऋतू पालटला की घोडा का उधळतो?

वसंत लागला की इंग्लंड-आयर्लंडमधल्या तबेल्यांत एरवी शहाणे असणारे घोडे बिथरायला लागतात. पाचोळा हलला तरी बुजतात, मोकळं सोडलं की लाथा झाडत उधळतात. यावरचं ठरलेलं निदान म्हणजे हार्मोन्स. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मोठा वाटा घोड्याच्या चंदीचा आणि त्याला कोंडून ठेवण्याचा असतो, असं पुरावा पाहता म्हणावं लागतं.

आधी हार्मोन्सची बाजू. घोडीचा गर्भकाळ साधारण 11 महिन्यांचा. शिंगरू कोवळ्या गवताच्या दिवसांत जन्मायचं, तर घोडीने माजावरही त्याच सुमारास यायला हवं. हे वेळापत्रक ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवते. अंधारात मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवतं. रात्री लहान होऊ लागल्या की त्याचा अंमल ओसरतो आणि हिवाळाभर थंडावलेली प्रजननयंत्रणा जागी होते. याचा पुरावा घोडेपैदास करणारे दरवर्षी देतात. उत्तर गोलार्धात थरोब्रेड घोड्यांचं वय 1 जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे शिंगरू जितकं लवकर जन्मेल तितकं शर्यतीत फायद्याचं. म्हणून ऐन हिवाळ्यात तबेल्यात दिवे लावून दिवस 16 तासांचा करतात आणि घोडी दोनेक महिन्यांत माजाला लागते, बाहेर बर्फ का पडेना! मात्र ही यंत्रणा एका दिवसात सुरळीत होत नाही. सुरुवातीचे काही आठवडे अंडाशयात फॉलिकल वाढतात आणि बीज न सोडताच जिरतात. माज लांबतो, वेळीअवेळी येतो. शेपूट उचलून थोडं थोडं मुतणारी, पोटाला टाच लागताच किंचाळणारी घोडी पाहायला मिळते ती बहुधा याच काळात.

पण मग खच्ची केलेल्या घोड्याचं काय? त्याला माजाचं काही देणंघेणं नसतं, तरी तोही उधळतो. शिवाय दिवस लहान होत जाणाऱ्या शरद ऋतूतही हीच तक्रार ऐकू येते. वसंतात आणि शरदात प्रकाशाची दिशा अगदी उलटी असते. दोन्हींत सारखी असते ती गार हवा आणि वारा. घोड्याला साधारण 5 ते 25 अंश तापमान मानवतं. त्याचे स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेतला बहुतेक भाग उष्णताच होऊन बसतो, त्यामुळे उकाड्यात तो आपणहून मंदावतो. हवा गार झाली की हा लगाम सुटतो. नेमक्या याच दिवसांत पाऊस-चिखलामुळे फेरफटका बंद होतो, चंदी मात्र मापात तेवढीच पडते. वसंताच्या गवताची त्यात भर: दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा असला की गवताची वाढ अडते आणि न वापरलेली साखर पात्यांत साठत जाते. वाऱ्याचा त्रास वेगळाच. शिकार होण्याची भीती बाळगूनच उत्क्रांत झालेल्या या प्राण्याचे कान अर्ध्या वर्तुळात फिरतात. वाऱ्यात सगळंच हलतं, सगळंच वाजतं, आणि कोणता आवाज धोक्याचा हे त्याला निवडता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, चंदीच कारण असेल तर घोडा वर्षभर उधळायला हवा. तसा तो उधळतोच. कोंडून ठेवलेला घोडा बाहेर काढल्यावर आधी दौडतो, उड्या मारतो, हे कोणत्याही महिन्यात दिसतं. ऋतुबदल एवढंच करतो की गारठा, वारा, गवत आणि सक्तीची विश्रांती यांची एकाच आठवड्यात गाठ घालून देतो. आपल्याकडे तर प्रकाशाचा जोर मुळातच कमी. लंडनचा सर्वांत मोठा दिवस तिथल्या सर्वांत लहान दिवसापेक्षा जवळपास 9 तासांनी मोठा. पुण्यात हा फरक सव्वादोन तासांच्या आसपास. तेव्हा इथला घोडा ऋतू पालटताना चेकाळला तर सूर्याआधी तोबरा तपासलेला बरा.

तारखांची नोंद ठेवली तर बरंचसं उलगडतं. घोडीचं चक्र साधारण 21 दिवसांचं, त्यात माज पाच ते सात दिवस. तोच तमाशा तीन आठवड्यांच्या अंतराने होत असेल तर ते माजाचं. सुट्टीनंतर किंवा पावसाच्या झडीनंतर होत असेल, तर विश्रांतीच्या दिवसांत दाणा आखडून सुकं गवत वाढवावं आणि फरक पाहावा. दोन्हींत बसत नसेल, तर पाठ, दात आणि खोगिराची बैठक तपासून घ्यावी. दुखणारा घोडाही असाच वागतो.