ॲडलस्ट्रॉप : कवितेने राखलेले स्टेशन

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांमध्ये ॲडलस्ट्रॉप हे छोटेसे खेडे वसले आहे. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची घरे, जुने चर्च आणि भोवताली कुरणे. जेन ऑस्टिनच्या आईचे चुलतभाऊ इथल्या चर्चचे धर्मगुरू होते, त्यामुळे ती इथे पाहुणी म्हणून येऊन गेली होती. पण आज कवितेचे वाचक या गावाची वाट धरतात ती इथल्या रेल्वे स्टेशनासाठी. आणि ते स्टेशन तर 1966 सालीच बंद पडले!

ऑक्सफर्डहून वूस्टरकडे जाणारा लोहमार्ग 1853 मध्ये इथवर आला. स्टेशन गावाबाहेर होते. शेजारच्या स्टो गावालाही तेच सोयीचे, म्हणून पाटीवर सुरुवातीला ‘स्टो रोड’ असेही जोडलेले असे. 1862 मध्ये स्टोला स्वतःचे स्टेशन मिळाले आणि ही जोड निघाली. पुढच्याच वर्षी हा मार्ग ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे गेला.

24 जून 1914 रोजी एडवर्ड थॉमस हे लेखक पत्नीसह या मार्गाने निघाले होते. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट तेव्हा लेडबरीजवळ राहत होते. त्यांच्याकडे जायचे होते. गाडी ॲडलस्ट्रॉपला थांबली. ऐन उन्हाळ्याची दुपार होती. थॉमस यांनी वहीत टिपून ठेवले ते एवढेच: इंजिनातून सुटणाऱ्या वाफेचा आवाज, विलोची झाडे आणि ब्लॅकबर्ड पक्ष्यांचे एकामागून एक उठणारे सूर. त्यानंतर चारच दिवसांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली आणि महिन्याभरात युरोप युद्धात लोटला गेला.

थॉमस तोवर गद्यच लिहीत. फ्रॉस्ट यांच्या आग्रहामुळे ते कवितेकडे वळले. जानेवारी 1915 मध्ये वहीतल्या त्या नोंदींतून सोळा ओळींची ‘ॲडलस्ट्रॉप’ ही कविता उतरली. त्याच वर्षी ते सैन्यात भरती झाले आणि 9 एप्रिल 1917 रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मारले गेले. कवितेत युद्धाचा शब्दही नाही. तरीही युद्धाने हिरावून नेलेली शांतता इंग्रज वाचकाला तिच्यात सापडली, आणि एका आडगावच्या फलाटाचे नाव घरोघरी पोचले.

रेल्वेच्या हिशेबात मात्र कवितेला रकाना नव्हता. ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या 1963 च्या अहवालाने तोट्यातली दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करण्याची शिफारस केली. त्या काळात गावोगावची स्टेशने गेली, तसेच हेही गेले. 3 जानेवारी 1966 रोजी ॲडलस्ट्रॉप बंद झाले आणि पुढे इमारतही पाडली गेली.

गावाने मात्र स्टेशनची नावाची मोठी पाटी आणि फलाटावरचे बाकडे आणून बसथांब्याच्या निवाऱ्यात ठेवले. बाकड्यावर पितळी पट्टीवर कविता कोरलेली आहे. निवाऱ्यात बसून ती वाचता येते. लंडनहून येणाऱ्याने किंगहॅम किंवा मोरेटन-इन-मार्शला उतरावे. तिथून गाव जवळ आहे.

मार्ग अजून चालू आहे, गाड्या इथून न थांबता जातात. थॉमस यांनी स्टेशनला अमरत्व दिले हे खरेच, पण पाटी भंगारात जाऊ दिली नाही ती गावकऱ्यांनी. कवी सगळ्याच गावांच्या नशिबी नसतो. आपल्या स्टेशनची पाटी आणि बाकडे जपणे मात्र कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे.