ऑलिव्ह तेलाचा साठा : आकडा एक, अर्थ दोन

शेतमालाच्या भावाची चिकित्सा करताना यंदा पीक किती आले, याची चर्चा पुष्कळ होते. परंतु मागील शिल्लक किती, ती कोणाच्या हाती आहे आणि कोणत्या प्रतीची आहे, हे प्रश्न बहुधा मागे पडतात. स्पेन आणि इटली या ऑलिव्ह तेलाच्या दोन प्रमुख देशांचा गेल्या काही वर्षांतील अनुभव पाहिला, म्हणजे या उपेक्षित प्रश्नांचे महत्त्व ध्यानात येते.

ऑलिव्हचे झाड एका वर्षी भरघोस फळते आणि पुढील वर्षी हात आखडते. ऑक्टोबर ते सप्टेंबर या तेलवर्षाच्या अखेरीस उरलेला साठा हाच दोन हंगामांमधील पूल होय. स्पेनमध्ये २०२१-२२ साली सुमारे १४.९ लाख टन तेल निघाले. पुढे अवर्षण आणि मोहोराच्या काळातील उष्णता यांमुळे २०२२-२३ मध्ये ते सात लाख टनांच्याही खाली आले. त्या हंगामाच्या आरंभी साडेचार लाख टनांच्या आसपास असलेला साठा वर्षाअखेर अडीच लाखांच्या घरात आला आणि दुसरेही पीक अपुरे ठरल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन लाखांच्या आत गेला. जानेवारी २०२४ मध्ये एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाचा घाऊक भाव किलोला नऊ युरोंच्या आसपास पोचला होता. २०२४-२५ मध्ये उत्पादन चौदा लाख टनांवर गेले, आणि २०२५ च्या वसंत ऋतूत तोच भाव चार युरोंच्या खाली उतरला. स्पेनमध्ये साठा आणि भाव यांचे नाते असे सरळ आहे. कारण तेथील साठा मुख्यतः स्वतःच्या पिकाचा असतो आणि त्याचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या सहकारी घाण्यांच्या टाक्यांत असतो.

इटलीची गोष्ट वेगळी. २०१७-१८ मध्ये चार लाख टनांवर असलेले तेथील उत्पादन हिमपाताच्या तडाख्यानंतर २०१८-१९ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास आले. दक्षिणेकडील पुलिया प्रांतात २०१३ साली आढळलेल्या झायलेला या जिवाणूने लक्षावधी झाडे वाळवली. ही हानी एका चांगल्या पावसाने भरून निघणारी नव्हे. तथापि इटलीची गोदामे रिकामी पडली नाहीत. तेथील व्यापारी स्पेन, ग्रीस आणि ट्युनिशिया येथून तेल आणतात, मिश्रण करून बाटल्या भरतात आणि जगभर विकतात. साहजिकच इटलीतील साठ्याचा वाढता आकडा पुलियातील शेतकऱ्याची सुबत्ता दाखवीलच असे नाही. तो केवळ आयात वाढल्याचेही चिन्ह असू शकतो. २०२५ मध्ये स्पेनचे तेल स्वस्त झाले असताना अस्सल इटालियन तेलाचा भाव नऊ युरोंच्या वर टिकून होता, याचे कारण यातच आहे. टंचाई तेलाची नव्हती, इटलीत पिकलेल्या तेलाची होती.

धोरणकर्त्यांनी हा भेद विसरल्यास काय होते? २०१८-१९ मध्ये स्पेनचे पीक १७ लाख टनांच्या पुढे गेले आणि भाव कोसळले. तेव्हा युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०१९ पासून तेल किमान १८० दिवस साठवून ठेवणाऱ्यांना साहाय्य देऊ केले. भरलेल्या टाक्यांच्या देशाला हा उपाय लागू पडला. वाळलेल्या झाडांच्या प्रदेशाला त्याचा उपयोग किती होणार? तेथे रोगप्रतिकारक वाणांची लागवड आणि उगमाची काटेकोर नोंद यांचीच गरज होती. शिवाय तेल म्हणजे धान्य नव्हे. काळ लोटतो तशी त्याची प्रत उतरते, आणि आजचे एक्स्ट्रा व्हर्जिन उद्या कनिष्ठ वर्गात मोडते. म्हणून टनांची नुसती बेरीज फसवी ठरते.

साठ्याची माहिती जाहीर केल्यास मोठे खरेदीदार तिचा लाभ घेऊन शेतकऱ्याला नमवतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु मोठ्या खरेदीदाराजवळ अशी माहिती अन्य मार्गांनीही असते. ती नसते लहान शेतकऱ्याजवळ. माहिती गुप्त ठेवल्याने दुबळ्याचे रक्षण होत नाही, तोच अंधारात राहतो. स्पेन दरमहा घाण्यांचा साठा आणि बाटल्या भरणाऱ्यांचा साठा वेगवेगळा प्रसिद्ध करतो. इटलीची सरकारी पत्रिका तेलाचा वर्ग आणि त्याचा उगम सांगते. या दोन पद्धतींचा मेळ घातला, तर साठा कोणाचा, कोठला आणि कसा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच पानावर मिळतील. खाएनचा बागाइतदार कोसळत्या भावाने आणि पुलियाचा बागाइतदार वाळत्या झाडाने गांजला आहे. दोघांच्या दुःखावर एकच औषध देण्यापूर्वी निदान त्यांच्या कोठारांतील फरक तरी नीट वाचला पाहिजे.